सात नंबरचं दार

आमच्या देवासात हद्द शिकवायला शाळा लागत नसे. एकाच गावात दोन संस्थानं, थोरल्या पातीचं एक आणि धाकट्या पातीचं एक. लहानपणी आमच्या आळीतला गवळी थोरल्या पातीची रयत होता आणि त्याची म्हैस रस्त्यापलीकडे धाकट्या पातीत बांधलेली असे. म्हशीनं कुणाच्या परसात तोंड घातलं तर तक्रार कुठे न्यायची यावर वडीलधारी मंडळी अर्धा दिवस वाद घालत, तोवर म्हैस परस खाऊन मोकळी होई. अशा गावात वाढलेल्या माणसानं पुढे जन्मभर गावांच्या हद्दी, नद्यांची रुंदी आणि माणसांची गणती लिहिण्यात घालवली, यात नवल नाही.

संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत. कोणत्या साली कोणती जागा मिळाली आणि पगार किती वाढला हे मी लिहीत नाही. ते वाचायला आमच्या घरातही कोणी तयार नाही. माझं काम काय होतं तेवढं आधी सांगतो, कारण जावयालासुद्धा ते अजून नीट कळलेलं नाही.

मामांच्या ओळखीनं मी धार संस्थानात नोकरीला लागलो. तेव्हा संस्थानाच्या प्रत्येक परगण्याची माहिती एका पुस्तकात आणायचं ठरलं होतं. पुस्तकाचे भाग तीन: मुलूख कसा आहे, पूर्वी काय घडलं, आणि आज माणसं किती. धारेत बसून हे लिहिणारे हुशार लोक होते, पण उंटावरून शेळ्या हाकून गावांची यादी होत नाही. म्हणून पायी आणि तट्टावरून हिंडणारे काही कारकून त्यांना हवे होते. त्यांतला एक मी. प्रत्येक गावाला जायचं, पाहायचं, विचारायचं, आणि टिपणाच्या शेवटी लिहायचं, ‘समक्ष पाहून लिहिले असे.’ हे चार शब्द मी हजारो वेळा लिहिले असतील. त्यांचा मला मोठा अभिमान होता. बाकीचे कारकून चावडीवर बसून शेजारच्या तीन गावांची टिपणं पाटलाच्या तोंडून उतरवून घेत. मी कधी घेतली नाहीत.

मुलूख तीन तऱ्हेचा. वर माळव्याचं काळं पठार, तिथे गावाला गाव लागून. मग घाट उतरला की खाली निमाड, धरमपुरीपाशी नर्मदा. आणि कुक्षीच्या पलीकडे डोंगर. तिथे गाव म्हणून जे काही असतं ते आपल्या डोळ्यांना गाव वाटत नाही. एका टेकडीवर एक घर, पुढचं घर दुसऱ्या टेकडीवर, मध्ये नाला आणि महुड्याची, म्हणजे मोहाची, झाडं. दहा-अकरा घरांचं गाव हिंडायला दिवस पुरत नाही. भिल्लांना गर्दी सोसत नाही. शेजाऱ्याच्या चुलीचा धूर दिसावा, पण तो डोळ्यांत जाऊ नये, असा त्यांचा हिशेब.

इतिहासाचं काम सगळ्यांत सोपं होतं. पठारावर कुठल्याही गावी गेलं की सगळ्यांत म्हातारा माणूस सगळ्यांत जुनी विहीर दाखवायचा आणि ती मांडवगडच्या बादशहानं खोदली म्हणून सांगायचा. बादशहानं जन्मभर विहिरीच खोदल्या असाव्यात, राज्य करायला त्याला वेळ कधी मिळाला कोण जाणे. डोंगरात हा त्रास नव्हता. तिथे ‘तुमच्या आधी इथे कोण होतं?’ असं विचारलं तर उत्तर येई, महुडा.

भूगोलात मात्र मी एकदा चांगलाच आपटलो. धरमपुरीला नावाड्याला नर्मदेची रुंदी विचारली. त्यानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, कोणत्या महिन्याची? पुस्तकात रुंदीसाठी एकच रकाना होता. मी चैत्रातली आणि श्रावणातली अशा दोन रुंद्या लिहिल्या. धारेहून शेरा आला की नदी एक असता रुंद्या दोन कशा. नावाड्याला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला की साहेबांना श्रावणात पाठवा. ते काही आले नाहीत, आणि पुस्तकात शेवटी चैत्रातलीच रुंदी छापली गेली.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

संवत छप्पनचा मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. त्या मागोमाग आलेल्या खानेसुमारीला, म्हणजे माणसांच्या मोजणीला, डोंगराची बाजू माझ्याकडे होती. मोजणीआधी प्रत्येक घराच्या दारावर आकडा घालतात, म्हणजे कोणतं घर मोजलं आणि कोणतं राहिलं हे कळतं. इतर ठिकाणी गेरूनं घालत. डोंगरात आम्ही डांबर नेलं, कारण तिथे एकदा घातलेला आकडा पाहायला परत कोण जाणार? इतरत्र रात्री होणारी गणतीही तिथे आम्ही दिवसाउजेडी, घरोघर जाऊन केली. माणसं आधी बिचकली. आकडा घातला की माणूस कमी होतो अशी समजूत होती, आणि दुष्काळानंतर ती समजूत खोडून काढण्याचं धैर्य मला नव्हतं.

पिपळआंबा नावाचं गाव होतं, कुक्षीहून आठ कोस. घरं अकरा. तिथला तडवी, म्हणजे भिल्लांचा गावप्रमुख, थावरिया नावाचा पन्नाशीचा माणूस होता. उंच, कमी बोलणारा. त्यानं सर्वांना सांगितलं की आधी माझ्या दारावर काढू द्या, मला काही झालं नाही तर मग तुम्ही. एक नंबर त्याचा. मी आकडा काढला, तो खाटेवर बसून राहिला, अर्ध्या दिवसात मेला नाही, तेव्हा उरलेल्या दहा घरांनी दारं पुढे केली. माझी एकाचा आकडा काढायची तऱ्हा वेगळी आहे, खाली शेपटी डावीकडे वळते. लहानपणी पंतोजींनी त्यासाठी पुष्कळ छड्या मारल्या, पण शेपटी सरळ झाली नाही.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी वैशाखात मी पुस्तकाच्या कामासाठी पुन्हा पिपळआंब्याला गेलो. पोचलो तर गावात माणूस नाही. टेकड्या चढून-उतरून पाहिलं. घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या, छपरं बसलेली, चुली थंड, आणि दारं नाहीत. दहा घरांची दारं कोणीतरी उपटून नेलेली. शेतं उघडी पडलेली, पण वैशाखात सगळ्यांचीच पडलेली असतात. एकाच घराला दार होतं. नीट लावलेलं, वर माझा सात नंबर. मला बरं वाटलं. कोणीतरी आहे म्हणून हाक मारली. ओ आली नाही. महुडा वेचायला गेले असतील म्हणून सावलीत बराच वेळ बसलो, पुन्हा हाका मारल्या. मग तट्टू हाकलं आणि लिहिलं, ‘गाव बेचिराग.’ कागदोपत्री या शब्दाचा अर्थ, जिथे आता दिवा लागत नाही असं, ओसाड गाव. खाली नेहमीचे चार शब्द लिहिले. ते खोटे नव्हते. मी समक्ष पाहिलंच होतं.

वाटेत दोन कोसांवर दुसरी वस्ती होती. तिथे उतरून एका माणसाला विचारायला हवं होतं. ऊन फार होतं, मी उतरलो नाही.

बेचिराग गावाची जमीन पडून राहू नये म्हणून ती इजाऱ्यानं देण्याची रीत होती. म्हणजे एखाद्या ऐपतदार माणसानं काही वर्षांसाठी गाव घ्यायचं आणि बाहेरून कुळं आणून जमीन वाहती करायची. कुक्षीच्या एका कपाशीच्या व्यापाऱ्यानं पिपळआंब्यासाठी अर्ज केला. माणूस वाईट नव्हता. कागदावर ओसाड असलेलं गाव त्यानं मागितलं, आणि ओसाड आहे असं लिहिणारा मी होतो.

मृगाच्या जरा आधी मी कुक्षीच्या कचेरीत दुसऱ्या परगण्याची टिपणं साफ करत बसलो होतो. शेजारच्या मेजावरचे बाळाजीपंत (माळवी रीतीनं ते मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणत) बाहेरून आले आणि मला म्हणाले, “नानाभिया, जरा बाहेर या. एक जण दरवाजा घेऊन उभा आहे, आणि तुम्हाला विचारतोय.”

बाहेर थावरिया उभा होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर सागाच्या फळ्यांचं दार. आठ कोस त्यानं ते असं आणलं होतं. त्यानं ते खाली उतरवून भिंतीला टेकवलं. डांबराचा एक आकडा, शेपटी डावीकडे.

“साब,” तो म्हणाला, “यो आकडो तमारो छे कि नी?”

माझाच आकडा होता. मग तो निमाडीत सांगत गेला. गेल्या साली गावात पटकी आली. रोग आलेल्या जागी ते लोक राहत नाहीत. घर सोडायचं, नाला ओलांडायचा, डोंगराच्या पाठीला नवी घरं बांधायची. जमीन तीच, हद्द तीच, फक्त घरं इकडून तिकडे. जाताना दारं नेतात, कारण कूड डोंगरात कुठेही मिळतो पण दाराच्या फळ्या मिळत नाहीत. आता व्यापाऱ्याची माणसं नांगर घेऊन आली होती आणि सांगत होती की हे गाव कागदावर मेलं. पाऊस तोंडावर आला होता. पेरणी गेली तर वर्ष गेलं, आणि छप्पनच्या सालानंतर वर्ष जाणं म्हणजे काय हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

इथे मी जे केलं तेही लिहितो. एवढं ऐकल्यावर कमाविसदार साहेबांकडे, म्हणजे परगण्याच्या अंमलदारांकडे, जाऊन ‘माझी चूक झाली’ म्हणायला पंचवीस पावलं चालावी लागली असती. मी थावरियाला म्हणालो की एका दारानं गाव सिद्ध होत नाही. दार कोणीही कुठूनही उचलून आणू शकतो. चौकशी करू.

नियमानं ते बरोबर होतं. खरं कारण असं की माझं पुस्तक छापायला गेलं होतं. नर्मदेच्या रुंदीवरचा सोडला तर एकट्या माझ्या टिपणांवर एकही शेरा आला नव्हता, आणि नाझराची, म्हणजे कचेरीतल्या वरिष्ठ कारकुनाची, जागा रिकामी व्हायची होती. थावरियानं माझ्याकडे पाहिलं. दार पुन्हा डोक्यावर घेतलं आणि आठ कोस परत गेला. बाळाजीपंत पानाला चुना लावत म्हणाले की भिया, दार तरी इथे ठेवून घ्यायचं होतं, म्हातारा वाकला होता. मी न ऐकल्यासारखं केलं.

पंधरवडा गेला. चौकशी मी केली नाही. रोज उद्या करू म्हणालो. आज लिहिताना सबब म्हणून सांगण्यासारखंही काही सापडत नाही.

पुढचा बाजारचा दिवस. कुक्षीचा बाजार मोठा भरतो. आसपासचे सगळे डोंगर त्या दिवशी खाली उतरतात. सकाळच्या प्रहरी बाजारात गलका उठला म्हणून आम्ही ओट्यावर आलो. रस्त्यानं एकामागून एक दारं चालत येत होती. दहा माणसं, दहा दारं. काही फळ्यांची, काही बांबूच्या तट्ट्यांची, प्रत्येकावर डांबर. बाजारकरी दोन्ही बाजूंना होऊन पाहत होते. त्यांना वाटलं विकायला आणली आहेत. एका तेल्यानं तर चौथ्या दाराचा भाव विचारला आणि घासाघीसही सुरू केली. दारवाला न थांबता पुढे गेला तेव्हा तेल्यानं मागून दोन आणे वाढवले.

कचेरीच्या आवारात त्यांनी दारं भिंतीला ओळीनं उभी केली. कमाविसदार साहेब बाहेर आले. धारेच्या जुन्या घराण्यातले, तोलून बोलणारे गृहस्थ. त्यांनी दारं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“नाना, हे आकडे कोणाच्या हातचे?”

“माझ्या,” मी म्हणालो.

“मग मोजणीचं बाड आणा आणि नावं वाचा.”

मी बाड आणलं. एक नंबर, थावरिया. तो आपल्या दाराशी जाऊन उभा राहिला. दोन नंबर, त्याचा चुलता. तीन, चार, पाच, सहा. ज्याचं नाव वाचावं तो आपल्या दाराला हात लावी. सात वाचला आणि कोणी हललं नाही. भिंतीशी पाहिलं तर सहाच्या शेजारी आठचं दार, पण दोहोंमध्ये एका दाराची जागा मोकळी सोडलेली. बाडात सात नंबरला पाच माणसं होती, थावरियाचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि तीन मुलं. मला हायसं वाटलं हे कबूल करतो. काहीतरी जुळत नाही म्हणजे माझी चूक निम्मी झाली, असं मन म्हणालं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की सातचं दार का नाही आणलं? ते तर गावातच आहे, मी स्वतः पाहिलं आहे, चांगलं लावलेलं आहे.

थावरिया भिंतीकडे पाहत होता.

“मरेल को दरवाजो कुण निकाळे, साब?” तो म्हणाला.

मग दुसऱ्या नंबरच्या म्हाताऱ्यानं मला समजावून सांगितलं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एखाद्यालाच माहीत नसावी, तशा आवाजात. घरातलं एक जरी माणूस उरलं तर ते जाताना दार घेऊन जातं. कोणीच उरलं नाही तर दार काढायचं नाही, लावून घ्यायचं. दार नसलेलं घर म्हणजे माणसं जिवंत, कुठेतरी गेली आहेत. दार असलेलं म्हणजे संपलं.

मी त्या उन्हात दहा जिवंत घरांना मेलेलं समजलो होतो, आणि पटकीनं पुसलेल्या एका घराच्या दाराशी कोणीतरी आहे म्हणून बसून राहिलो होतो. हाका मारत होतो. समक्ष पाहून लिहिले असे. मला तिथे आवारातच, सगळ्यांसमोर, फार लाज वाटली. आजही वाटते.

बाड मिटवून मी साहेबांना म्हणालो की गाव बेचिराग नाही, टिपण चुकलं आहे, चूक माझी आहे. ते म्हणाले, लेखी द्या. मी तिथेच ओट्यावर बसून लिहून दिलं. त्यात हेही लिहिलं की तडवी पंधरा दिवसांपूर्वी आला होता आणि मी त्याला परत पाठवलं. हे वाक्य लिहिण्याची गरज नव्हती, असं बाळाजीपंत नंतर म्हणाले. साहेबांनी ते दोनदा वाचलं. नाझराची जागा दुसऱ्याला मिळाली. ते योग्यच झालं.

इजारा रद्द झाला, पण पुरता नाही. त्या पंधरवड्यात पाऊस पडून गेला होता आणि नाल्याकाठची सगळ्यांत चांगली जमीन व्यापाऱ्याच्या माणसांनी पेरून टाकली होती. पेरलेलं पीक काढेपर्यंत ती जमीन त्यांच्याकडे राहावी असा निकाल झाला. त्या वर्षी पिपळआंब्याच्या लोकांनी वरच्या खडकाळ पट्ट्यात कोदो, म्हणजे हलक्या जमिनीतलं भरड धान्य, पेरला, आणि पुरला नाही तेव्हा अर्धी माणसं निमाडात मजुरीला उतरली. पुढल्या वर्षी सगळी जमीन त्यांच्याकडे परत आली. माझ्या पंधरा दिवसांची किंमत एवढी झाली, आणि ती मी दिली नाही, त्यांनी दिली.

पुस्तक छापून आलं. जाडजूड, कापडी बांधणीचं. त्यात पिपळआंबा अजून बेचिरागच आहे. शुद्धिपत्र निघायचं होतं, ते निघालं नाही. धारेला कोणाच्या कपाटात ते पुस्तक सापडलं तर तेवढी ओळ वाचकांनी खोडावी.

पुढची खानेसुमारी आली तेव्हा मी तपासनीस झालो होतो. डोंगराची बाजू मी मागून घेतली. पिपळआंब्याला थावरियानं मला ओळखलं. आता तो खरोखरच वाकला होता. घरांची संख्या वाढली होती. थावरियाचा एक मुलगा वेगळा निघाला होता आणि त्याचं नवं घर सहाव्याच्या पुढच्याच टेकडीवर होतं. डांबराचा डबा घेऊन मी दारांवर आकडे घालत गेलो. एक, शेपटी डावीकडे. दोन. सहा झाले. मुलाच्या दारावर कुंचला टेकवणार तोच थावरियानं दारावर हात ठेवला.

“सात नी, साब. ऊ घर भाई को छे.”

मोजणीचा पहिला नियम असा की आकड्यांत खंड पडता कामा नये. हा नियम मी स्वतः शेकडो गणतीदारांना शिकवला होता आणि तो मोडणाऱ्यांना दंड केला होता. मी नाल्यापलीकडे पाहिलं. तिथे आता कूड पडला होता, वेलींनी झाकलं होतं, पण दाराच्या दोन फळ्या उभ्या होत्या. मी मुलाच्या दारावर आठ काढला.

दोन महिन्यांनी धारेहून बाड परत आलं. पिपळआंब्याच्या पानावर तांबड्या शाईनं शेरा होता, ‘सहानंतर एकदम आठ. अनुक्रमात चूक. सात नंबर कोठे?’

मी खाली लिहिलं, ‘चूक नाही. समक्ष पाहून लिहिले असे.’